बोलायचं असेल तर गाडी उभी करा

माझे सासरे वकील होते आणि त्यांच्याकडे मोटार होती. या दोन गोष्टी दोन वेगळ्या माणसांकडे असत्या, तर मुलुंड ते कुर्ला या रस्त्यावरच्या पुष्कळ लोकांचे जीव भांड्यात पडले असते.

पन्नास सालानंतर चार-पाच वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी मुलुंडला राहायला आले. लग्नाआधीपासून मी घाटकोपरच्या एका शाळेत शिकवत होते. नोकरी चालू ठेवायला सासरी कोणाची हरकत नव्हती. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. त्यांना रोज कुर्ल्याच्या कोर्टात जावं लागे आणि घाटकोपर वाटेवरच होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, "सूनबाई, तू माझ्याबरोबर मोटारीनंच येत जा. एकट्यानं जायचं म्हणजे बोलायला कोणी नसतं."

या वाक्याचा उत्तरार्ध मी नीट ऐकायला हवा होता. यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, तो ऐकला होता. हे फोर्टातल्या ऑफिसात कामाला होते आणि आमच्या बरेच आधी घरातून निघत. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक सांगतो. गाडीत बाबांना प्रश्न विचारू नकोस."

"का?"

"हा बघ. हाच विचारू नकोस."

मला वाटलं, मुलाला बापाचं कौतुक नाही.

मोटार काळी, उंच आणि म्हातारी होती. एका पारशी गृहस्थांनी ती विकताना तिच्या बॉनेटवरून हात फिरवला होता म्हणे. पुढून हँडल मारून ती सुरू करावी लागे. काळा कोट आणि काळी टोपी घातलेले मामंजी वाकून हँडल फिरवत आणि ती खोकायला लागली की धावत येऊन आत बसत. गाडी ते चांगली चालवत. हे मी सून म्हणून म्हणत नाही. एकटे असले आणि डोक्यात काही चालू नसलं, तर ते फार चांगली चालवत. पण एकटे ते सहसा नसत, आणि डोक्यात काही चालू नाही असा दिवस त्यांच्या पंचांगात नव्हता.

त्यांना माणसाचं तोंड बघितल्याशिवाय बोलता येत नसे. मी शेजारी बसलेली. म्हणजे बोलायचं झालं की मान माझ्याकडे, आणि समोर रस्ता बिचारा एकटाच. शिवाय बोलायला त्यांना दोन्ही हात लागत. स्टिअरिंग ते एका गुडघ्यानं सांभाळत आणि वर मलाच विचारत, "पटतंय ना?"

त्या काळी वळायचं असलं की खिडकीतून हात बाहेर काढून मागच्याला खूण करायची असे. मामंजी हात बाहेर काढत ते "आणि म्हणूनच!" म्हणताना. मागच्या बसवाल्याला वाटे, वकीलसाहेब उजवीकडे वळणार. तो बिचारा थांबे. साहेब सरळच जात. मग "याउलट" म्हणताना हात पुन्हा बाहेर. बसवाला पुन्हा थांबे. भांडुपपर्यंत येईतो तो कंटाळून भोंगा वाजवायचा आणि मामंजी म्हणायचे, "या लोकांना जरा धीर म्हणून नसतो."

आता खरं सांगायचं तर मला या सगळ्यात मजा वाटत होती. माहेरी माझे वडील दिवसाला चार वाक्यं बोलत, त्यातली दोन जेवणाबद्दल. इथे रोज सकाळी खून, चोऱ्या, खोटी मृत्युपत्रं, एका म्हशीवर हक्क सांगणारे तीन भाऊ. यांनी सांगितलं होतं ते विसरून मी "मग?" असं म्हणायची. एवढंच. पण त्या एका शब्दावर मामंजी विक्रोळीपर्यंत बोलत. मला जिवाची भीती वाटायची, नाही असं नाही. पण गोष्ट अर्धी राहील याची भीती जास्त वाटायची.

त्या वर्षी दसरा होऊन गेल्यावर त्यांच्याकडे एका लॉरीवाल्याची केस आली. खडीची लॉरी चालवणारा कोकणातला माणूस. लॉरी चालवता चालवता त्यानं बिडी पेटवली आणि तेवढ्यात पुढच्या बैलगाडीला धडक दिली. बैल वाचले. गाडीवानाचा पाय मोडला. लॉरीवाल्यावर बेफिकिरीनं गाडी हाकल्याचा खटला होता आणि मामंजी त्याचे वकील.

निकालाच्या आधीचं शेवटचं भाषण त्या दिवशी करायचं होतं. घरातून निघाल्यापासून मामंजी त्याची तालीम करत होते. समोरची काच म्हणजे मॅजिस्ट्रेट. मी कधी सरकारी वकील, कधी जनता.

"मॅजिस्ट्रेटसाहेब, माझ्या अशिलानं काय केलं? बिडी पेटवली. बिडी पेटवायला किती वेळ लागतो?" मग माझ्याकडे वळून, "सूनबाई, तू मोज. मी काडी ओढतो, तू मोज."

असं म्हणून त्यांनी दोन्ही हात उचलले. एका हातात नसलेली पेटी, दुसऱ्यात नसलेली काडी. वाऱ्यानं विझू नये म्हणून दोन्ही हातांचा आडोसा केला आणि नसलेल्या बिडीकडे मान खाली वाकवली. खिडकीतून वारा येत होताच, म्हणून आडोसा त्यांनी अगदी मन लावून केला.

मी हसत "एक" म्हटलं.

"दोन" म्हणायच्या जागी मी किंचाळले.

रस्त्याच्या कडेनं एक बाई डोक्यावर गवताचा भला मोठा भारा घेऊन चालली होती. एवढा मोठा की मागून बाई दिसतच नव्हती. भाऱ्याला दोन पाय फुटल्यासारखं दिसत होतं. मामंजींनी मान वर केली, स्टिअरिंग गच्च धरलं आणि सगळं फिरवलं. गाडीचं मडगार्ड भाऱ्याच्या शेपटाला घासलं. भारा फिरला, बाई फिरली आणि मटकन खाली बसली. भारा सुटून अर्धा आमच्या टपावर आणि अर्धा खिडकीतून आमच्या अंगावर आला. गाडी धाडधाड करत रस्त्याकडेच्या चरात उतरली आणि चिखलात तिरकी होऊन बंद पडली.

माझ्या तोंडात गवत होतं. मामंजींची टोपी कुठे दिसत नव्हती. मग आम्ही दोघंही एकदमच दारांना झोंबलो. माझ्या बाजूचं दार उघडलं आणि मी गुडघाभर चिखलात उतरले. मामंजी माझ्या मागून, त्याच दारानं.

"बाई, लागलं का? लागलं का हो बाई?" एवढंच ते म्हणत होते. एरवी एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगणारा माणूस!

बाई रस्त्यावर बसली होती. वयानं माझ्या सासूबाईंएवढी असेल. काष्टा घातलेली, काटक. तिनं आधी आपले पाय हलवून बघितले, मग हात. तळवे खरचटले होते. मग तिनं मामंजींकडे बघितलं, आणि तिचा आवाज आला तो पार भांडुप स्टेशनात ऐकू गेला असेल.

"डोले फुटले काय रं तुजे? आं? मानूस दिसत नाय तुला?"

"चूक झाली. माझीच चूक. मी जरा यांच्याशी बोलत होतो..."

"बोलाचं व्हतं तं गारी उबी कराची ना! कोनी धरलाय तुला? आन हात कुठं व्हते तुजे? ही वरडली तवा मी वलून बगलं ना, दोन्ही हात वर व्हते!"

मामंजींनी दोन्ही हात पाठीमागे नेले. उत्तर माझ्याकडे होतं, पण नसलेली बिडी पेटवत होते असं रस्त्यात बसलेल्या बाईला कसं सांगायचं?

"दवाखान्यात नेतो तुम्हाला," मामंजी म्हणाले. "चला, या."

"तुज्या गारीत?" बाई म्हणाली. "नको रं बाबा. मी चालत बरी."

शेतातले चार-पाच जण धावत आले. त्यांनी दोरखंड लावून गाडी चरातून वर ओढली. तोवर मामंजींनी रस्त्यावरचं, टपावरचं, गाडीतलं सगळं गवत स्वतः गोळा केलं. आयुष्यात त्यांनी कधी भारा बांधला नव्हता. बाई उभी राहून सूचना देत होती, "तसा नाय. गाठ वर. आवळ, आवळ आजून." मी तिचे हात धुतले आणि माझा रुमाल फाडून बांधला. शेवटी मामंजींनी आणि एका शेतकऱ्यानं मिळून भारा तिच्या डोक्यावर ठेवला. ती निघाली. दहा पावलं गेल्यावर तिनं भाऱ्यासकट वळून बघितलं, आम्ही अजून उभेच आहोत ना याची खात्री करून घ्यायला.

गाडीत बसल्यावर मामंजींनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग म्हणाले, "तू 'दोन' म्हणालीच नाहीस, ना?"

"नाही."

"हं," ते म्हणाले.

माझी साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती. तशा अवतारात वर्गात गेले असते तर पोरींना वर्षभर विषय पुरला असता. म्हणून शाळेवर निरोप ठेवून मी तशीच पुढे कुर्ल्याला गेले आणि कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाकावर पाय पोटाशी घेऊन बसले.

लॉरीवाला वाटच बघत होता. धुतलेला सदरा, तेल लावून बसवलेले केस. वकिलांच्या कोटाला लागलेलं गवत बघून तो घाबरलाच.

"वकीलसाहेब, सुटतलंय ना मी?"

मामंजी त्याला घेऊन माझ्याच बाकावर बसले. "सुटशील, बहुतेक," ते म्हणाले. "भाषण चांगलं तयार झालंय. पण मला एक सांग. सुटलास आणि उद्या लॉरी घेऊन निघालास, तर बिडी पेटवशील?"

त्यानं सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, "खरा सांगू? पेटवतंय. अजून पेटवतंय. सवय आसा."

"दोन क्षण लागतात, नाही?"

"दोनच."

"आज सकाळी मी एकच घेतला," मामंजी म्हणाले आणि भांडुपला काय झालं ते त्यांनी त्याला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, नसलेली काडीसुद्धा. मी त्यांच्या तोंडून शेकडो हकिकती ऐकल्या, पण ही एवढी साधी सांगितलेली पहिलीच.

लॉरीवाला ऐकत होता. मग तो म्हणाला, "त्या गाडीवाल्याक बघूक गेल्लंय मी इस्पितळात. त्येनी इचारल्यान, 'तुझी नजर खंय होती?' माका सांगूक येवक नाय."

मग त्यानंच विचारलं की गुन्हा कबूल केला तर काय होईल. मामंजींनी त्याला नीट समजावून सांगितलं. दंड होईल, लायसन्स काही महिने जाईल, कदाचित आणखीही काही. शिक्षा कमी व्हावी म्हणून मी बोलेन, पण वचन देत नाही. तू ठरव. त्यानं डोक्याला हात लावून विचार केला आणि म्हणाला, "कबूल करतंय. रोज त्या रस्त्यान जावचा आसा माका."

त्या दिवशी मामंजींचं भाषण पाच वाक्यांचं झालं. सरकारी वकील कागदांचा गठ्ठा घेऊन उभे होते ते उभेच राहिले. दंड झाला, सहा महिने लायसन्स गेलं, तुरुंग टळला. लॉरीवाल्यानं बाहेर येऊन आम्हा दोघांनाही नमस्कार केला आणि सदऱ्याच्या खिशातली काड्यापेटी काढून पुन्हा आत ठेवली.

घरी सासूबाईंनी माझी साडी बघितली, मग मामंजींची टोपी बघितली, आणि म्हणाल्या, "कुठल्या चरात?"

ऐकून झाल्यावर त्यांनी निकाल दिला. त्यांच्या कोर्टात अपील नसे. "उद्यापासून गाडीत मौन. त्यांनीही आणि तूही."

मौनाचे तीन दिवस झाले. पहिल्या दिवशी मामंजींचे ओठ घट्ट मिटलेले आणि मानेची शीर टरारलेली. दुसऱ्या दिवशी ते नाकातून गुणगुणू लागले. त्यात चढउतार असे होते की मला फिर्यादी पक्ष आणि आरोपी पक्ष वेगळे ओळखू येत होते. तिसऱ्या दिवशी आम्ही माझ्या शाळेवरून सरळ पुढे गेलो. मला बोलायची बंदी, म्हणून मी हात करून शाळा दाखवली. मामंजींना वाटलं कोणी ओळखीचं दिसलं. त्यांनीही हसून त्या दिशेला हात केला आणि गाडी तशीच पुढे नेली. नाक्यावर पोलीस हात आडवा करून उभा होता. गाडी थांबली तेव्हा त्याच्या बुटांत आणि आमच्या बंपरमध्ये वीतभर जागा उरली होती.

पोलीस त्यांना ओळखत होता. खिडकीशी येऊन म्हणाला, "वकीलसाहेब, लक्ष कुठं आहे?"

मामंजी मौन मोडून म्हणाले, "मौनात."

तेव्हा मला कळलं की सासूबाईंचा निकाल चुकला होता. तोंड बंद केलं तरी आतलं कोर्ट चालूच होतं, उलट जास्तच जोरात. मोकळं बोलणारा माणूस निदान मधून मधून श्वास घेताना तरी रस्त्याकडे बघतो. संध्याकाळी मी भीत भीत म्हटलं, "मामंजी, मौन सोडून द्या. ती गवतवाली बाई काय म्हणाली आठवतंय? बोलायचं असलं तर गाडी उभी करा. थांबा, पोटभर बोला, मग चला."

"दर वेळी?"

"दर वेळी."

सासूबाईंनी माझ्याकडे नवीन वकील बघावा तसं बघितलं, पण परवानगी दिली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाऊण तास आधी निघू लागलो आणि तोही पुरत नसे. मुलुंडचा नाका ओलांडला की मामंजींना काही तरी सुचायचं. ते हात बाहेर काढत, आणि आता तो हात खरोखर थांबण्यासाठी असे. गाडी कडेला, एका चिंचेखाली. मग माझ्याकडे पूर्ण वळून, दोन्ही हात मोकळे करून, "तर तो मृत्युपत्रावरचा अंगठा..." अंगठा कोणाचा ते कळलं की पुढे. भांडुपला दुसरा थांबा. विक्रोळीच्या मोरीपाशी तिसरा. माझीही शिस्त ठरली होती. गाडी चालू असताना "मग?" म्हणायचं नाही. बाहेरचं नवीन घर, पडलेलं झाड, कोणाची भांडणं यांतलं काही दाखवायचं नाही. डब्यातले शेंगदाणे उभ्या गाडीतच. चष्मा पुसायचा तोही उभ्या गाडीतच. हे शेवटचं कलम त्यांनी स्वतःच घातलं, तोवर चालत्या गाडीत ते धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत आणि पुसून होईतो "सूनबाई, समोर काही आहे का?" असं विचारत, हे मी घरी कोणाला सांगितलंच नव्हतं.

लोकांना वाटे आमची गाडी बिघडते. रोज कोणी तरी भला माणूस सायकलवरून उतरून यायचा. "धक्का मारू का साहेब?"

"नको नको. आम्ही बोलतोय."

त्याचा विश्वास बसत नसे. एकदा तर तालमीतून परत निघालेल्या चार पहिलवानांनी न विचारताच धक्का मारला. मामंजी एका घटस्फोटाच्या मध्यावर होते. गाडी विक्रोळीपर्यंत थांबलीच नाही, आणि त्या नवरा-बायकोचं पुढे काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सहा महिने उलटून गेल्यावर एकदा विक्रोळीच्या अलीकडे एक खडीची लॉरी कडेला उभी दिसली. पायरीवर आमचा लॉरीवाला बसला होता, पाय लांब करून, बिडी ओढत. आम्हाला बघून त्यानं बिडी उंच धरली. मामंजींनी गाडी बाजूला घेतली, थांबवली, खाली उतरले आणि मगच दोन्ही हात हलवले.

पुढच्या वर्षी मामंजींना एक कल्पना सुचली. चिंचेखाली थांबून ते म्हणाले, "सूनबाई, तू गाडी शिक. तू चालव, मी बोलतो. म्हणजे थांबायला नको."

मला हवंच होतं. दोन महिने ते मला सकाळच्या वेळी मोकळ्या रस्त्यावर शिकवत होते. क्लच, गियर, ब्रेक, हाताच्या खुणा. शिकवताना ते उत्तम मास्तर होते. विषय सोडून एक शब्द बोलत नसत. मला जरा हात बसला आणि मग एके दिवशी त्यांना राहवलं नाही. त्या म्हशीवर हक्क सांगणाऱ्या भावांचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगायला सुरुवात केली. म्हैस कोर्टात साक्षीला आणली होती आणि ती समोरच्या वकिलांचा डगला चघळायला लागली इथपर्यंत मी ऐकलं. पुढे मला एवढंच आठवतं की गाडी एका तबेल्याच्या गंजीत शिरली आणि आतून खऱ्या म्हशी आमच्याकडे बघत होत्या.

कोणाला काही झालं नाही. पण आम्हाला दोघांनाही एक गोष्ट पटली. ऐकणारासुद्धा बोलणाऱ्याइतकाच रस्त्यावरून उठून जातो. माझे डोळे समोर होते, हात जागेवर होते, आणि तरी मी तिथे नव्हते. मी कोर्टात होते, म्हशीच्या शेजारी. म्हणजे गाडी कोणीही चालवो, नियम तोच. मामंजी फार हिरमुसले.

लायसन्सची परीक्षा घ्यायला आलेले इन्स्पेक्टर माझ्या शेजारी बसले. बाई गाडी चालवते म्हणून त्यांना थोडी गंमत वाटत असावी. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, "कुठल्या शाळेत शिकवता?" मी हात बाहेर काढला, गाडी कडेला घेतली, ब्रेक लावला आणि शाळेचं नाव सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. "किती वर्षं?" हा प्रश्न त्यांनी गाडी सुरू व्हायच्या आत घाईघाईनं विचारून घेतला. मी पास झाले.

त्याच उन्हाळ्यात अंधेरीला यांच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. हे मांडवाच्या कामाला आदल्या दिवशीच गेले होते. मी मामंजींना आणि सासूबाईंना घेऊन पवईवरून जायचं ठरलं. सासूबाई त्या मोटारीत तोवर एकदाही बसल्या नव्हत्या. का ते कोणी विचारत नसे. त्या दिवशी त्या शालू नेसून पुढे माझ्या शेजारी बसल्या, आणि मामंजी मागे, मांडीवर आहेराची पिशवी घेऊन. तळ्याकाठचा रस्ता लागला. सासूबाई सरळ समोर बघत बसल्या होत्या, आणि एकाएकी म्हणाल्या, "थांबव गं. मला बोलायचंय."

मी गाडी कडेला घेतली. तळ्यावरून वारा येत होता.

सासूबाईंनी आपला उजवा हात पुढे केला. त्या हाताचं मनगट थोडं वाकडं होतं; कासार बांगड्या भरायला आला की त्या हाताला फार वेळ लागे, हे मी बघितलं होतं. त्याची हकिकत मामंजींनी मला नव्या नवलाईतच सांगितली होती. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं गावी निघाले, छकडा मामंजी हाकत होते, बैल कशाला तरी बुजला आणि छकडा उलटला.

"बैल बुजला नव्हता," सासूबाई म्हणाल्या. मागे न बघता, समोरच्या काचेला सांगितल्यासारखं. "तीस वर्षं मी ऐकतेय बैल बुजला, बैल बुजला. सगळ्या नातेवाइकांत त्या बैलाची बदनामी झाली. गरीब बैल होता. आपल्या वाटेनं चालला होता. कासरा सोडून हे मागे वळले होते. परीक्षेतल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर मला समजावत होते. पुढे वळण होतं, ते मला दिसत होतं. नवी नवरी, बोलायचं कसं? म्हणून बोलले नाही. तेव्हापासून हे हाकतात त्या कशातही मी बसत नाही."

मी आरशात बघितलं. मामंजी पिशवी छातीशी धरून बसले होते.

मग ते म्हणाले, "तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी थांबलात?"

मला वाटलं आता ते काही तरी युक्तिवाद करतील. त्यांनी नुसतीच मान हलवली. मग म्हणाले, "बैल बुजला नव्हता. माझीच चूक. मी तुझ्याकडे बघत होतो."

"रस्ता सोडून बघण्यासारखं काय होतं एवढं?" सासूबाई म्हणाल्या.

"होतं," मामंजी म्हणाले.

सासूबाईंनी पदर सारखा केला. त्यांचे कान लाल झाले होते, पन्नाशीच्या बाईचे. मी उगाच गियरशी चाळा करत राहिले. मग दोघंही एकदमच बोलायला लागले. त्या छकड्यातून पडल्यावर गावापर्यंत कसे गेले, हाडवैद्यानं काय केलं, कोण किती रडलं. पुष्कळ गोष्टींवर त्यांचं एकमत नव्हतं आणि प्रत्येक गोष्टीला दोन्ही बाजूंचे साक्षीपुरावे होत होते. सासूबाई वळून पूर्ण मागे तोंड करून बसल्या. मला कोणी काही विचारत नव्हतं, आणि गाडी सुरू करायची माझीही छाती झाली नाही.

अंधेरीला पोचलो तेव्हा लग्न लागून गेलं होतं. दुसरी पंगत बसत होती. दारातच हे भेटले आणि काळजीनं म्हणाले, "काय झालं? गाडी बिघडली का?"

"नाही," सासूबाई गाडीतून उतरत म्हणाल्या. "जरा बोलत होतो."